घराची शोभा आणि झाडाची डहाळी

घर सजविण्याची हौस ही काही श्रीमंतांची मिरासदारी नव्हे. ज्या घरात एकच खोली आहे, तीतच चूल, तीतच अंथरूण आणि तीतच पाहुण्याची बैठक आहे, त्या घरातील गृहिणीलाही भिंतीचा एखादा कोपरा देखणा असावा असे वाटतेच. किंबहुना जागा जितकी अपुरी तितकी ही ओढ अधिक असते. प्रश्न असतो तो साधनांचा. बाजारात शोभेच्या वस्तू मिळतात, पण त्यांना पैसा पडतो. शिवाय एकदा आणलेली वस्तू महिन्याभरात डोळ्यांना इतकी सवयीची होते की ती आहे की नाही याचेही भान राहत नाही. याउलट एक साधी डहाळी घरात आणून पाण्याच्या तांब्यात उभी करावी. ती घराची कळा पालटून टाकते. मोल काही नाही, पण ती आज जशी आहे तशी उद्या नसते, म्हणूनच तिच्याकडे रोज पुन्हा पाहावेसे वाटते. झाडाच्या फांद्यांनी घर कसे सजवावे, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे झाडाला न दुखावता ते कसे साधावे, याचा विचार येथे करावयाचा आहे.

हा विचार करण्यास बऱ्हाणपूरसारखे दुसरे गाव क्वचित सापडेल. तापीच्या काठचे हे जुने शहर पुऱ्यापुऱ्यांनी वसलेले आहे. त्यांतील लोधीपुरा हा दर्गा-ए-हकीमीमुळे दूरदूरच्या दाऊदी बोहरा यात्रेकरूंना ठाऊक आहे. शहरात यंत्रमागांची खडखड, आणि वेशीबाहेर पडले की केळीच्या बागा, कपाशीची शेते आणि उत्तरेस सातपुड्याची रांग. मराठी, निमाडी, हिंदी, उर्दू, गुजराती अशा भाषा येथे एकमेकींच्या शेजारी नांदतात. खानदेशाशी या मुलखाचे सोयरसंबंध इतके जुने आहेत, की मध्य प्रदेशाची सीमा नकाशावर दिसते, पण सणावारांत ती शोधूनही सापडत नाही.

याच शहरातील शाही किल्ल्यात मोगलांचा हमामखाना आहे. त्याच्या छतावर फुलापानांची रंगीत नक्षी अजून दिसते. 1631 साली मुमताजमहल बऱ्हाणपुरातच निवर्तली. त्या काळाची ती आठवण मानली जाते. बादशाही घराण्याने वेली आणि फुले रंगांत बांधून छतावर कायमची केली. सामान्य माणसाला कायमचे फूल परवडणारे नव्हते. त्याने खरी डहाळीच दाराशी आणली, ती सुकू दिली आणि पुढच्या सणाला नवी आणली. या दोन तऱ्हांपैकी कोणती अधिक सुंदर, हा वाद घालण्याचे कारण नाही. दुसरी तऱ्हा मात्र आजही कोणाच्याही आवाक्यात आहे.

फांद्यांची ही सजावट म्हणजे परदेशी मासिकांतून आलेली नवी टूम आहे असे पुष्कळांना वाटते. वस्तुस्थिती तशी नाही. दाराला आंब्याच्या पानांचे तोरण बांधल्यावाचून आपल्याकडे शुभकार्याला प्रारंभ होत नाही. तोरण हा शब्दच पाहा. सांची येथील स्तूपासमोरच्या दगडी कमानींनाही तोरणच म्हणतात, आणि त्यांची घडण लाकडी वेशींच्या धर्तीवरची आहे हे पाहताक्षणी कळते. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकातील त्या तोरणावर झाडाची फांदी हाती धरून उभी असलेली शालभंजिका कोरलेली आहे. दार, स्त्री आणि झाडाची फांदी यांचे नाते इतके जुने आहे.

आपले वर्षच डहाळ्यांच्या हिशेबाने चालते असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही. चैत्रात गुढीला कडुनिंबाची मोहरलेली डहाळी लागते. आखाजीला खानदेशातील माहेरवाशिणी निंबाच्या फांदीला झोके बांधतात. पोळ्याला वऱ्हाडात आणि नागपूरकडे पळसाच्या डहाळ्या दाराशी येतात. भाद्रपदापासून कोजागिरीपर्यंत भुलाबाईची, कोठे गुलाबाई म्हणतात तिची, गाणी होतात आणि तिच्यावर ज्वारीच्या धांड्यांचा मांडव उभा राहतो. दसऱ्याला आपटा, तुळशीच्या लग्नाला ऊस. घरात लग्न निघाले म्हणजे मुहूर्तमेढ रोवावयाची, देवकाला पंचपल्लव आणावयाचे आणि वाजतगाजत मांडवडहाळे आणून मांडव हिरवा करावयाचा. या सर्व चालीरीतींत धर्मभाव आहे तसेच सौंदर्यदृष्टीही आहे. ज्या ऋतूत जे झाड डोळ्यांत भरते, तेच त्या ऋतूच्या सणाला घरात आलेले दिसते. मोहरलेला निंब चैत्रातच मिळावयाचा आणि भरलेले धांडे आश्विनातच.

सणापुरती असलेली ही दृष्टी रोजच्या राहणीत कशी आणावी याचा एक मोठा धडा बऱ्हाणपूरच्या शेजारीच दिला गेला होता. बऱ्हाणपुराहून रावेर, सावदा या वाटेने गेले की फैजपूर लागते. डिसेंबर 1936 मध्ये तेथे काँग्रेसचे अधिवेशन भरले. खेड्यात भरलेले ते पहिले अधिवेशन होय. अध्यक्ष होते पंडित जवाहरलाल नेहरू. अधिवेशनासाठी जे टिळकनगर उभारावयाचे त्यात शहरी थाट नको, गावात आणि गावाच्या शिवारात जे मिळते त्यातूनच शोभा निर्माण व्हावी, असा महात्मा गांधींचा आग्रह होता. त्यांनी शांतिनिकेतनचे चित्रकार नंदलाल बोस यांना पाचारण केले. बांबू, चटया, गवत, माती अशा नित्याच्या वस्तूंतून त्यांनी वेशी आणि मांडव सजविले. प्रदर्शनाच्या उद्घाटनप्रसंगी गांधीजींनी या रचनेचे श्रेय वास्तुशिल्पी म्हात्रे आणि नंदबाबू यांना जाहीरपणे दिले. हजारो खेडूतांनी ते नगर पाहिले. आपल्या गोठ्यामागे पडलेला बांबू योग्य हाती गेला तर कसा दिसतो, हे त्यांना तेथे प्रथमच दिसले असेल.

त्या धड्यातील मर्म असे, की वस्तू साधी असली तरी मांडणी ढिसाळ असून चालत नाही. महाग वस्तूचे दोष तिची किंमत झाकते. साध्या वस्तूला तसे पांघरूण नसते. डहाळी वेडीवाकडी तांब्यात खोचली तर ती अडगळ दिसते. तीच विचारपूर्वक उभी केली तर सारी खोली तिच्याभोवती नीट लावल्यासारखी वाटते.

जपानी लोकांनी या विचाराचे शास्त्रच बनविले. क्योटो शहरातील रोक्काकुदो मंदिराच्या इकेनोबो घराण्यातील पुजाऱ्यांच्या पुष्परचनेचा उल्लेख 1462 सालच्या एका नोंदीत आढळतो. तेव्हापासून ही परंपरा अखंड चालत आली आहे. तिला आपण पुष्परचना म्हणतो खरे, परंतु तिच्यात फुलांइतकेच, कित्येकदा फुलांहून अधिक, महत्त्व फांदीला असते. 1927 साली तेशिगाहारा सोफू यांनी स्थापलेल्या सोगेत्सु संप्रदायात नवशिक्याला प्रारंभी तीन मुख्य काड्यांचे माप शिकवितात. भांड्याची रुंदी आणि उंची यांची बेरीज करावी. पहिली काडी तिच्या साधारण दीडपट, दुसरी पहिलीच्या पाऊणपट, तिसरी दुसरीच्या पाऊणपट. तिघींचा कल वेगवेगळा. एवढ्या तीन रेषांवर सारी रचना उभी राहते. रिकामी जागा ही या कलेत भरावयाची जागा नव्हे. ती रचनेचाच भाग असते. आपल्याकडे चार फुले दिसली की पाचवे खोचण्याचा मोह होतो. तेथे पाचवे काढून टाकण्याचा अभ्यास करवितात.

मध्य युरोपातील एक चालही या संदर्भात ध्यानात घेण्याजोगी आहे. 4 डिसेंबर हा तेथे संत बार्बरेचा दिवस. त्या दिवशी चेरीच्या निष्पर्ण फांद्या तोडून घरात पाण्यात ठेवतात. बाहेर बर्फ असते, पण घरातील उबेने कळ्या उमलतात आणि नाताळपर्यंत फांदी फुलांनी भरते. कडाक्याच्या हिवाळ्यात वसंताची ग्वाही देणारी ती काटकी घरातील मुलांना किती मोलाची वाटत असेल!

आता खऱ्या प्रश्नाकडे वळू. फांदी आणावयाची कोठून? घराच्या शोभेसाठी झाड बोडके करणे यात कसली रसिकता? बऱ्हाणपूर जिल्ह्याला तर हा प्रश्न टाळता येण्यासारखा नाही. याच जिल्ह्यातील नेपानगर येथे भारतातील वृत्तपत्री कागदाचा पहिला कारखाना निघाला आणि 1956 साली पंडित नेहरूंच्या हस्ते तो राष्ट्राला अर्पण झाला. आरंभीच्या काळात त्याचा कागद भोवतालच्या जंगलातील सलईच्या लाकडापासून आणि बांबूपासून होत असे. वर्तमानपत्राच्या पानामागे सातपुड्याचे झाड उभे होते, ते असे. पुढे 2022 आणि 2023 या वर्षांत नेपानगर परिसरातील जंगलात झालेल्या बेकायदा तोडीच्या वार्ता सर्वत्र गाजल्या. ज्या मुलखाने एवढे सोसले आहे, तेथे एका फुलदाणीसाठी जंगलात कोयता घेऊन जाणे शोभणार नाही. कायद्यालाही ते मान्य नाही. 1927 च्या भारतीय वन अधिनियमानुसार राखीव जंगलात झाड तोडणे हा जसा अपराध आहे, तसेच त्याच्या फांद्या छाटणे हाही अपराधच आहे.

सुदैवाने जंगलात जाण्याची गरजच नसते. डोळे उघडे ठेवले तर फांद्या आपण होऊन हाती येतात. पावसाळ्यापूर्वी विजेच्या तारांना लागणाऱ्या फांद्या रस्तोरस्ती छाटल्या जातात; त्या दिवशी निंबाची, चिंचेची, गुलमोहराची हवी तेवढी निवड करता येते. वळवाच्या वादळानंतर झाडाखाली मोडून पडलेल्या डहाळ्यांचा खच असतो. डाळिंब, लिंबू, पेरू यांच्या बागांत छाटणी होते तेव्हा बागवान त्या काड्या जाळूनच टाकतो. तापीचा पूर ओसरल्यावर काठावर लाकडाचे तुकडे अडकून राहतात. पाण्याने आणि वाळूने ते असे घासलेले असतात, की कसबी सुताराला साधणार नाही असा गुळगुळीतपणा त्यांना आलेला असतो.

केळीची गोष्ट तर खास या भागाची. केळ एकदाच फळते. घड उतरविला की त्या खोडाचे काम संपले. शेतकरी ते कापतो आणि शेजारच्या पिलाला वाढू देतो. तसेच प्रत्येक केळीच्या बुडाशी जी अनेक पिले फुटतात त्यांतील बहुतेक त्याला वेळोवेळी काढावीच लागतात. म्हणून मांडवाच्या खांबांना घड उतरविलेली खोडे आणि सत्यनारायणाच्या चौरंगाला काढून टाकावयाची पिले मागून आणली, तर शोभाही होते आणि कोणाचे नुकसानही होत नाही. न फळलेली, ऐन भरातली केळ मुळापासून कापून दाराशी उभी करणे याचा अर्थ शेतकऱ्याचा एक घड मातीत घालणे. दोहोंत पाहणाऱ्याला फरक दिसत नाही. बागेच्या धन्याला मात्र तो दिसतो. याच जिल्ह्यात केळ हे ‘एक जिल्हा एक उत्पादन’ या योजनेचे पीक म्हणून निवडले गेले आणि टाकाऊ खोडांच्या धाग्यापासून वस्तू बनविण्याचे काम महिलांनी हाती घेतले. टाकून द्यावयाच्या खोडातही शोभेच्या वस्तूचे द्रव्य असते, याचा याहून जवळचा दाखला शोधावयास नको.

आंब्याविषयी एक बारीक गोष्ट सांगणे अवश्य आहे, कारण तोरणाच्या नावाखाली सर्वाधिक मोडतोड त्याचीच होते. आंब्याला मोहोर येतो तो पक्व डहाळीच्या शेंड्याला. दसरा-दिवाळीत आपण शेंड्यासकट डहाळ्या ओरबाडतो, आणि पुढे दोन-तीन महिन्यांत ज्या टोकांवर मोहोर यावयाचा ती टोके झाडावर उरतच नाहीत. तोरणाला लागतात ती पाने. शेंडा शाबूत ठेवून खालची पाने एकेक खुडली तर तोरण तितकेच हिरवे होते आणि वैशाखातील आंबाही वाचतो. आपट्याचे तसेच. सोने म्हणून द्यावयाला प्रत्येकाला एक पान पुरते. फांद्यांचे भारे विकत घेऊन एकादशीच्या सकाळी केरात टाकण्यात दसऱ्याचे पुण्य नाही.

स्वतःच्या अंगणातील झाडाची फांदी काढावयाची असेल तर धारदार कात्रीने, डोळ्याच्या किंचित वर, तिरकी कापावी. हाताने मोडू नये. मोडताना साल सोलवटून खाली येते आणि त्या जखमेतून कीड व बुरशी शिरते. ज्या फांदीवर पक्ष्याचे घरटे आहे ती वर्ज्य समजावी. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात पक्ष्यांच्या घरट्यांची व अंड्यांची नासधूस शिकारीच्या व्याख्येतच धरली आहे. कायदा नसता तरी ज्या घराला शोभा आणावयाची त्यासाठी दुसऱ्याचे घर मोडणे बरे दिसले नसते.

ओली फांदी घरात टिकविण्याचे तंत्र सोपे आहे. झाडापासून तुटताच फांदीच्या आतील सूक्ष्म नळ्यांत हवा शिरते आणि पाणी वर चढण्यास अडथळा होतो. म्हणून घरी आणल्यावर तिचे टोक बादलीतील पाण्यात बुडवून, पाण्याखालीच बोटभर पुन्हा तिरके कापावे. टोक जाड असेल तर त्यास उभी चीर द्यावी. भांड्यातील पाण्यात बुडणारी पाने काढून टाकावीत. ती कुजतात, पाण्यात जंतू वाढतात आणि त्याच नळ्या तुंबतात. पाणी एक दिवसाआड बदलावे, उन्हाळ्यात रोज बदलावे. चाफा, उंबर यांसारख्या चिकाच्या झाडांचे कापलेले टोक क्षणभर ज्योतीवर धरले की चीक बंद होतो. फांदी पंख्याच्या वाऱ्यात व थेट उन्हात ठेवू नये. एवढी काळजी घेतल्यास निंबाची किंवा पेरूची डहाळी कित्येक दिवस तजेलदार राहते.

सुक्या फांद्यांचे टिकणे अधिक, पण त्यांची पूर्वतयारीही अधिक. फांदी प्रथम घासून धुवावी, सावलीत पूर्ण वाळवावी, सुटलेली साल काढावी. ओल राहिली तर बुरशी येते. साल राहिली तर तीखाली किडे राहतात. बांबूला आणि कोवळ्या लाकडाला भुंगेरे लागतात ते त्यातील पिष्टाच्या लोभाने. काठीखाली पिठासारखा भुसा पडू लागला की समजावे, आत वस्ती झाली आहे. बांबू वाहत्या पाण्यात काही आठवडे बुडवून ठेवण्याची जुनी रीत यासाठीच आहे. पिष्ट आणि साखर पाण्यावाटे निघून जाते. टाकणखार आणि बोरिक आम्ल यांच्या द्रावणात बुडविणे ही तिचीच आधुनिक आवृत्ती. मात्र हे द्रव्य मुलांच्या हाती लागू देऊ नये. वाळवीच्या घरात सुकी फांदी जमिनीवर किंवा मातीच्या भिंतीला टेकवून कधीही ठेवू नये.

कपाशीच्या भागात उकललेल्या बोंडांची सुकी काडी मोठी मोहक दिसते. करड्या काडीवर पांढऱ्या कापसाचे झुबके अंधाऱ्या खोलीतही उजेड पाडतात. परंतु येथे एक सावधगिरी हवी. गुलाबी बोंडअळी हंगाम संपल्यावर न उकललेल्या, किडक्या बोंडांत दडून राहते आणि पुढच्या पिकावर उतरते. म्हणूनच शेतात, बांधावर किंवा घराशी पऱ्हाट्यांचे ढीग साठवू नयेत असे कृषितज्ज्ञ बजावून सांगतात. घरात आणावयाची काडी पूर्ण उकललेल्या बोंडांचीच असावी, बाकीची बोंडे खुडून जाळावीत. एका फुलदाणीतून शेजाऱ्याच्या शेतात कीड पाठविणे हे सौंदर्याचे लक्षण नव्हे.

काही झाडे घरात आणूच नयेत. कण्हेर, मग ती तांबडी असो वा पिवळी, सर्वांगी विषारी आहे. शेराचा चीक डोळ्यांत गेल्यास भयंकर इजा होते. सातपुड्यातील बिब्ब्याचा रस कातडी भाजून काढतो. धोतऱ्याच्या काटेरी फळांचा आकार सुरेख असला तरी ती मुलांच्या तोंडात जाण्याचे भय असते. ज्या झाडाची ओळख पटलेली नाही त्याची फांदी घराबाहेरच राहू द्यावी. बाभळीच्या पांढऱ्या काट्यांची फांदी दिसण्यात अप्रतिम, पण रांगते मूल असलेल्या घरात तिची जागा उंचावरच.

मांडणीसाठी नवे भांडे विकत घेण्याचे काही कारण नाही. माळ्यावर पडलेला तांब्याचा हंडा, कान तुटलेली बरणी, संक्रांतीनंतर उरलेले सुगड, चिरलेला माठ ही सर्व उत्तम भांडी होत. चिरलेल्या माठात पाणी राहत नाही, पण सुक्या फांदीला पाणी लागत नाही. भांड्याच्या तळाशी नदीची वाळू किंवा गोटे घातले की ते जड होते, कलंडत नाही आणि फांदी हव्या त्या कलाने उभी राहते. उंच फांदी बुटक्या, जड भांड्यात शोभते. झुकलेली फांदी उंच भांड्यात. मागची भिंत मोकळी असावी. तेथे दिनदर्शिका, घड्याळ आणि तसबिरींची दाटी असेल तर फांदी हरवते. खिडकीच्या अथवा दिव्याच्या एका बाजूला ती ठेवली म्हणजे भिंतीवर तिची सावली पडते. एका फांदीच्या जागी दोन दिसतात आणि दुसरीला तर पाणीसुद्धा लागत नाही.

लहान घरात शोभेच्या वस्तूने जागा अडविलेली परवडत नाही. अशा ठिकाणी फांदीला कामालाही लावता येते. घोटून गुळगुळीत केलेले दुबेळके भिंतीत बसविले की खुंटी होते. सरळ वाढलेली सुकी काठी दोन दोऱ्यांनी आढ्याला टांगली की वलणी होते, पडद्याची दांडी होते. अनेक फाट्यांची फांदी दाराशी घट्ट उभी केली तर तिच्यावर टोप्या, पिशव्या, किल्ल्या अडकविता येतात. सणाच्या दिवशी त्याच फाट्यांना मुलांनी कागदाची पाखरे बांधावीत. जी वस्तू उपयोगी पडते आणि डोळ्यांनाही सुखविते, ती घरात टिकते. केवळ मिरवणारी वस्तू पहिल्या आवराआवरीत बाहेर जाते.

एवढे सांगितल्यावर एक आक्षेप उरतो. हे सारे करावयास वेळ कोणाला आहे? दुकानात प्लास्टिकचे आंब्याचे तोरण मिळते. ते एकदा बांधले की वर्षानुवर्षे पाहावे लागत नाही. आक्षेप पोकळ नाही. घराच्या सजावटीचे काम बहुधा गृहिणीवरच पडते आणि तिच्या दिवसात आधीच उसंत नसते. फांद्यांची हौस हे तिच्यावर लादलेले आणखी एक ओझे होणार असेल तर ती न केलेली बरी. म्हणूनच हे काम घरातील सर्वांनी वाटून घ्यावे. येताजाता पडलेली डहाळी उचलून आणणे शाळकरी मुलाला जमते. पाणी बदलणे आजोबांना जमते. बांबू घासून वलणी टांगणे घरधन्याच्या हातचे आहे. आणि आठवड्याला एक डहाळी पुरते, रोज नवा थाट नको.

प्लास्टिकचे तोरण पाहावे लागत नाही हे खरेच आहे, आणि तोच त्याचा दोष आहे. जे पाहावे लागत नाही ते कोणी पाहतही नाही. ते धूळ खात राहते, विटते, आणि एक दिवस नदीकाठच्या कचऱ्यात जाऊन तेथे वर्षानुवर्षे पडते. खरी डहाळी सुकते, तेव्हा ती खतात जाते आणि तिच्या जागी काय आणावे असा प्रश्न उभा करते. त्या प्रश्नासाठी घरातल्या माणसाला दाराबाहेर पाहावे लागते. निंबाला पालवी आली का, पळस कधी फुलला, बहाव्याचे घोस या वर्षी उशिरा का आले, चौकातली चिंच कोणी तोडली. जो माणूस झाडांकडे असा पाहू लागतो, त्याच्या डोळ्यांदेखत झाड तुटणे सोपे राहत नाही. लोधीपुऱ्यातील एका खोलीत उभी केलेली डहाळी सातपुड्याचे जंगल वाचवील असे कोणी म्हणणार नाही. परंतु जंगल वाचविणारी माणसे ज्या घरांतून यावयाची, त्या घरांत झाडाची ओळख असावी लागते. ती ओळख करून देण्यास तांब्याभर पाणी आणि रस्त्यावर पडलेली एक फांदी पुरेशी आहे.